आधारसामग्री-उद्धरण, वैद्यकीय
एखाद्या उपचारासंबंधी ठिकठिकाणी झालेल्या संशोधनांचा पद्धतशीर आढावा घेताना प्रत्येक मूळ निबंधातून रुग्ण, उपचार, तुलना व परिणाम यांविषयीची माहिती एकाच साच्यात काढून घेण्याची क्रिया. वरवर पाहता हे कारकुनी काम वाटते. परंतु आढाव्याच्या निष्कर्षाची विश्वसनीयता पुष्कळदा पुढील गणितापेक्षा यावरच अवलंबून असते.

कार्ल पीअर्सन यांनी १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिका व भारत येथील ब्रिटिश सैनिकांना दिलेल्या विषमज्वराच्या लशीची आकडेवारी एकत्रित केली. ही सामग्री एकजिनसी नाही, ही अडचण तेव्हाच त्यांच्या ध्यानात आली होती. आजही एक निबंध रक्तदाबातील घट देतो, तर दुसरा उपचारानंतरचा रक्तदाब. एक चाचणी सोडून गेलेल्या रुग्णांना मूळ गटातच धरतो, तर दुसरा त्यांना वगळतो. म्हणून कोणता परिणाम, कोणत्या वेळचा व कोणत्या एककात घ्यावयाचा, हे आधीच ठरवून लेखी नमुना तयार करतात व काही निबंधांवर तो पडताळून पाहतात. आकडे पाहिल्यावर निवड केल्यास अनुकूल आकडा उचलण्याचा मोह सहसा आवरत नाही.

प्रमाण विचलन व प्रमाण त्रुटी यांची गल्लत ही विशेष फसवी चूक होय. कोष्टकात सरासरीपुढे ± चिन्हाने दिलेला आकडा यांपैकी कोणताही असू शकतो. प्रमाण त्रुटीला रुग्णसंख्येच्या वर्गमूळाने गुणिले असता प्रमाण विचलन मिळते. २५ रुग्णांच्या गटात प्रमाण त्रुटी २ असेल, तर प्रमाण विचलन १० होय. तुलनेतील दोन्ही गटांत २ हाच आकडा प्रमाण विचलन म्हणून उतरविला गेला, तर प्रचरणाच्या व्यस्त प्रमाणात भार देण्याच्या नेहमीच्या पद्धतीत त्या संशोधनाला वाजवीपेक्षा २५ पट भार मिळतो.

एकाच चाचणीचे रुग्ण दोनदा मोजले जाणे हा दुसरा धोका. ऑन्डॅन्सेट्रॉन या शस्त्रक्रियेनंतरच्या वांत्यांवरील औषधाच्या चाचण्या मार्टिन ट्रॅमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तपासल्या, तेव्हा रुग्णांविषयीची २८ टक्के माहिती दुबार प्रसिद्ध झालेली आढळली. ती न वगळल्यास औषधाची परिणामकारकता २३ टक्क्यांनी फुगत होती. दुबार निबंधांत मूळ निबंधाचा उल्लेख क्वचितच असे, लेखकांची नावेही बदललेली असत. साहजिकच नोंद निबंधवार न करता चाचणीवार करावी लागते. त्यासाठी रुग्णालय, कालावधी, मात्रा व रुग्णसंख्या ताडून पाहतात.

उद्धरण दोघांनी परस्परांस न दाखविता करावे, असा संकेत आहे. एकाने नोंदी करून दुसऱ्याने त्या केवळ तपासल्यास चुका सु. २२ टक्क्यांनी अधिक होतात, असे २००६ मधील एका तुलनेत दिसून आले. मतभेद चर्चेने किंवा तिसऱ्या व्यक्तीच्या निर्णयाने मिटवितात. प्रत्येक आकड्यापुढे निबंधाचे पृष्ठ वा कोष्टक क्रमांक लिहून ठेवल्यास हा वाद लवकर सुटतो. मात्र मूळ मजकूरच संदिग्ध असल्यास दोघेही एकच चूक करू शकतात. अशा वेळी निबंधकर्त्यांस पत्र पाठवून खुलासा मागवितात. उत्तर न आल्यास अंदाजाने आकडा न भरता ‘अस्पष्ट’ अशी नोंद करतात.