मोरीतलं पाणी जातं कुठे?

गावात नळ आला की त्याच्या पाठोपाठ सांडपाणीही येतं. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज किमान 55 लिटर पाणी घरापर्यंत पोचवायचं ठरवलं. त्यातलं साधारण 80 टक्के मोरीवाटे बाहेर पडतं असं धरलं, तर हजार वस्तीच्या गावात रोज 44 हजार लिटर सांडपाणी होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर भरून वर उरेल एवढं. डोक्यावरून हंड्याने आणलेलं पाणी जपून वापरलं जाई आणि मोरीतून जे वाही ते परसातलं अळू नि केळी पिऊन टाकत. आता परस आक्रसलं, पाणी वाढलं, आणि ग्रामसभेत मागणी होते ती सिमेंटच्या गटाराची.

गटार पाणी स्वच्छ करत नाही, ते फक्त पुढे ढकलतं. वरच्या आळीचं पाणी खालच्या आळीत जातं, तिथून ओढ्यात, आणि अनेक गावांची पाणीपुरवठ्याची विहीर त्याच ओढ्याकाठी असते. शिवाय उतार जरा चुकला की गटार तुंबतं आणि हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास नेमका अशा घाण पाण्यात वाढतो. म्हणून लहान गावाने पाणी वाहून नेण्यापेक्षा जिथलं तिथे जिरवावं, हेच मला पटतं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे घेऊन हे करून दाखवलं. खड्ड्यात भोकं पाडलेली सिमेंटची टाकी बसवायची आणि भोवती दगडगोटे भरायचे. त्याआधी एक छोटी कुंडी हवीच. तिच्यात राख, केस, खरकटं, तेलकट गाळ अडतो. पुढचं काम दगडांवर वाढणारे जिवाणू आणि खालची माती करतात. मात्र डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ साठवणीत वाढतो. शोषखड्ड्याने तो जाईल असं सांगणं ही फसवणूक ठरेल.

काळ्या मातीत पाणी जिरतच नाही, ही तक्रार खरी आहे. पण काळी माती बहुतेक ठिकाणी वरचा थर असते. खाली मुरूम लागला तर खड्डा तिथवर न्यावा. कातळ लागला किंवा भूजल अगदी वर असेल तर हट्ट करू नये. तिथे कर्दळीचे वाफे करावेत किंवा गावाच्या टोकाला उथळ स्थिरीकरण तळं घ्यावं. उन्हात शेवाळ वाढतं, ते पाण्यात प्राणवायू सोडतं आणि त्यावर जगणारे जिवाणू घाण खातात. गावठाणात घराला घर चिकटलेलं असेल तर चार-सहा घरांत मिळून एक खड्डा चालतो. विहीर नासेल ही भीती या अडचणींहून गंभीर आहे. खड्डा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला असावा आणि शौचालयाचं पाणी त्यात कधीही सोडू नये. मैल्यात रोगजंतू मोरीच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. त्यासाठी दोन खड्ड्यांचं शौचालय वेगळं हवं. एक भरला की दुसरा वापरात घ्यायचा, तोवर पहिल्यातल्या मैल्याचं खत होतं.

शहरासारखं यंत्रावर चालणारं शुद्धीकरण केंद्रच का नको, असंही विचारलं जातं. त्या केंद्रातले जिवाणू पंप हवा पुरवतो तोवर जगतात. वीज बराच काळ गेली की ते मरतात आणि नवे वाढवायला दिवस लागतात. ज्या ग्रामपंचायतीला रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल जड जातं, तिने चोवीस तासांचा पंप आणि जाणकार चालक कुठून पोसावा? शोषखड्ड्याला वीज लागत नाही, देखभाल मात्र लागते आणि योजनांमध्ये सर्वांत दुबळी बाजू हीच राहते. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद होती. त्या पैशातून खड्डा होतो, पण कुंडीतला गाळ ठरावीक दिवसांनी काढणारा हात त्यातून मिळत नाही. आज हे काम न सांगता घरातल्या बाईच्या वाट्याला येतं. खड्ड्याचा ठराव घेतानाच गाळ कोण काढणार आणि त्याची मजुरी कोण देणार, हेही ग्रामसभेने त्याच कागदावर लिहून घ्यावं.