अडीच टक्के छाट, तीस टक्के छाट

निपाणीत विडी वळणारी बाई ठेकेदारापुढे माल ठेवते तेव्हा तिचं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं: छाट किती निघते? वळण ढिलं पडलं, तोंड नीट बंद झालं नाही, की विडी बाजूला. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याखालचे नियम सांगत, की शेकडा अडीचहून जास्त छाट सहसा काढू नये. प्रत्यक्षात किती निघते, ते तिलाच विचारा.

आपल्या पेशीला हा नियम लागू नाही. अमिनो आम्लांची साखळी तयार झाली, की तिची ठरावीक घडी बसावी लागते, तरच प्रथिन कामाचं. घडी चुकली की छाट. नव्याने बनणाऱ्या प्रथिनांपैकी तीस टक्के किंवा त्याहूनही जास्त अशी मोडीत निघतात, असा अंदाज २००० साली ‘नेचर’मध्ये छापून आला. त्या आकड्यावर पुढे बराच वाद झाला. टाकाऊ मालाला युबिक्विटिन नावाची चिठ्ठी चिकटते आणि प्रोटिआझोम त्याचे तुकडे करतो. या शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तुकड्यांतली अमिनो आम्लं पुन्हा वापरात येतात. छाट विड्या मात्र ठेकेदार ठेवून घेतात, ही कामगारांची जुनी तक्रार.

छाटण्याआधी पेशी एक संधी देते. घडी बसवायला मदत करणारी खास प्रथिनं असतात, चॅपरोन. नागपूरचे शास्त्रज्ञ शेखर मांडे सिअ‍ॅटलमध्ये होते तेव्हा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरोगाच्या जंतूतल्या अशाच एका मदतनीसाची, चॅपरोनिन-१० ची, त्रिमितीय रचना उलगडली (‘सायन्स’, १९९६). सात सारखे घटक मिळून घुमट होतो. गंमत अशी, की जंतूला मदत करणारं हेच प्रथिन आपल्या टी-पेशी नेमकं ओळखतात! मांडे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे (एनसीसीएस) संचालक झाले आणि २०१८ ते २०२२ वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) महासंचालक. प्रयोगशाळांची दारं शाळकरी मुलांना उघडणारा ‘जिज्ञासा’ उपक्रम सीएसआयआरचाच, २०१७ चा. निपाणी-बेळगाव सीमाभागातल्या पोरांना प्रथिनांच्या घडीचा विषय समजावायला छाटेपासून सुरुवात केली तर फळ्याचीही गरज पडू नये.

घडी मोडण्याचं खाण्यातलं उदाहरण म्हणजे बेळगावचा कुंदा, आटवलेल्या दुधाची मिठाई. दूध आटताना त्यातल्या निवळीच्या (व्हे) प्रथिनांची घडी उलगडते. केसीनला मुळात पक्की घडीच नसते, त्यामुळे ते फारसं बिघडत नाही. उलट इतर प्रथिनांचा गोळा होऊ नये म्हणून तेच चॅपरोनसारखं राबतं. तपकिरी रंग आणि खमंगपणा येतो तो प्रथिनं आणि दुधातली साखर यांच्या झटापटीतून.

प्रथिनं आपोआप जुळण्याचा एक नमुना विडीतल्या तंबाखूकडेही आहे. टोबॅको मोझाइक विषाणूचं कवच एकाच प्रथिनाच्या सुमारे २,१३० प्रतींचं. १९५५ मध्ये फ्रँकेल-कॉनरॅट आणि विल्यम्स यांनी त्याचे भाग सुटे करून परत एकत्र ठेवले, तर कुणाच्या मदतीशिवाय विषाणू आपोआप जुळला. इतका चिवट, की विडी-सिगारेटच्या वाळक्या तंबाखूतूनही हाताला लागतो आणि टोमॅटोच्या रोपांवर जातो. त्यावर जुना उपाय दुधाचाच: साय काढलेल्या दुधात हात बुडवायचे आणि मग रोपांना हात लावायचा.