इंजिन का सुरू होत नाही?

भीमेवरील उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले आणि काठच्या गावांतून ऊस व केळी डोलू लागली. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी मागे सरकते. तेव्हा कित्येक शेतकरी डिझेल इंजिन पाण्याच्या कडेपर्यंत नेतात. अशा वेळी जुने इंजिन रुसले, तर उभे पीक धोक्यात येते.

पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा जोराने दाबली गेली, की ती अतिशय तापते व तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणून डिझेलचा अखंड पुरवठा आणि हवेचा पुरेसा दाब, या दोन गोष्टी प्रथम पाहाव्यात.

टाकीत डिझेल आहे ना, तोटी उघडी आहे ना व गाळणी स्वच्छ आहे ना, हे तपासावे. टाकी रिकामी झाली असल्यास नळीत हवा शिरते. मग पंपावरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे आणि स्क्रू घट्ट आवळावा. दाब सोडणारी कळ बंद असूनही हँडल हलके फिरत असेल, तर झडपा अथवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याचा संभव असतो. ते काम मिस्त्रीचे होय.

कारण न शोधता हँडल मारीत राहिल्याने अंग मात्र दमते. पाणी काही शेतात पोहोचत नाही.