मित्राने दोन दिवसांत गेम बनवला. त्याला ‘भारी’शिवाय काय सांगाल?

समजा, तलासरीच्या कॉलेजातली तीन पोरं शनिवार-रविवार जागून एक छोटा गेम बनवतात. मध्ये तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती वारली चित्रातल्यासारखी नाचणाऱ्यांची रांग. रांग तुटली की गेम ओव्हर. रविवारी रात्री लिंक ग्रुपवर पडते. सोमवारी सकाळी ढीगभर अंगठे, काही ‘भारी भावा’ आणि एक ‘बोअर आहे’. आता पोरांनी नेमकं काय बदलायचं?

अशा घाईत गेम बनवण्याच्या उपक्रमाला ‘गेम जॅम’ म्हणतात. विषय ऐन वेळी मिळतो आणि मुदत बहुतेकदा ४८ तासांची असते. ‘लुडम डेअर’ हा जॅम २००२ पासून आहे, ‘ग्लोबल गेम जॅम’ २००९ पासून. लुडम डेअरमध्ये वेगळे परीक्षक नसतात. भाग घेणारेच एकमेकांचे गेम खेळून गुण देतात, आणि पुरेशा लोकांनी गुण दिले नाहीत तर गेमला क्रमांकच मिळत नाही. म्हणजे दुसऱ्याचा गेम मन लावून खेळणं हे तिथं कामच आहे.

दोन दिवसांच्या गेमला ‘ग्राफिक्स पब्जीसारखे नाहीत’ म्हणण्यात अर्थ नाही. ते बनवणाऱ्यालाही माहीत असतं. त्याला माहीत नसतं ते एवढंच, की पहिल्यांदा खेळणाऱ्याचं काय होतं. त्याला सगळी बटणं पाठ असतात, तुम्हाला नसतात. म्हणून मत देण्याआधी घडलेलं सांगा. ‘कंट्रोल वाईट आहेत’ यापेक्षा ‘दुसऱ्या वळणावर तीनदा हरलो, रांग कुणीकडे वळणार ते आधी कळलंच नाही’ हे कितीतरी कामाचं. फोन कुठला, आवाज चालू होता का, गेम कुठे सोडून दिला, हेही लिहा. ‘दीड मिनिटाने बंद केला’ हे वाचायला कडू लागतं, पण ती माहिती सोन्यासारखी असते. आवडलेलंही तसंच नेमकं सांगा, नाहीतर पुढच्या वेळी तेच काढून टाकलं जाईल.

उपाय सुचवताना मात्र हात आखडता घ्या. आपल्या मनातला गेम दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. आधी विचारा, ‘इथे खेळणाऱ्याला काय वाटावं असं तुम्हाला हवं होतं?’

डहाणू-तलासरीतला माणूस आणखी एक गोष्ट सांगू शकतो, जी बाहेरच्याला सहसा सुचणार नाही. तारपा नाचात रांग वाजवणाऱ्याच्या मागे जाते, सूर बदलला की चाल बदलते आणि नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. हा तर गेमचा तयार नियम आहे! पोरांनी आवाज नुसता मागे वाजत ठेवला असेल, तर ‘सुरावरून वळण ओळखता आलं तर?’ एवढा एक प्रश्न पुरे.

तेच ‘चौका’बद्दल. लग्नात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघट देवी असते. तो लेव्हलची सजावट म्हणून वापरला असेल, तर टोमणा न मारता कारणासकट सांगावं. वारली चित्र बदलूच नये असं नाही. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी ते भिंतीवरून कागदावर नेलं आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण नुसती आकृती उचलणं वेगळं आणि देवीचा चौक उचलणं वेगळं, हे पोरांना कुणीतरी सांगायला हवं. ग्रुपवर चारचौघांत सांगण्यापेक्षा फोन करून सांगितलेलं बरं.

आणि गेम उघडतच नसेल, तर बाकी सगळं राहू द्या, ते आधी कळवा. मुदत संपल्यावरही लुडम डेअरमध्ये असा बिघाड दुरुस्त करता येतो. नवी लेव्हल मात्र टाकता येत नाही.