दोन मिनिटांचा चढ



इंग्लंडच्या केंट परगण्यात, सेव्हनोक्स गावाजवळ, यॉर्क्स हिल नावाचा एक चढ आहे. झाडीतून जाणारा अरुंद रस्ता; लांबी जेमतेम साडेसहाशे मीटर. पण तेवढ्यात सुमारे ऐंशी मीटर उंची गाठायची! सर्वांत कठीण जागी चार मीटर पुढे जावे तेव्हा एक मीटर वर चढणे होते. लंडनचा कॅटफर्ड सायकलिंग क्लब येथे ऑक्टोबरात शर्यत भरवीत आला आहे. तिचा आरंभ १८८७ साली वेस्टरहॅमच्या टेकडीवर झाला; पुढे ती या चढावर आली. स्पर्धक एकेकटा सुटतो आणि निकाल घड्याळ देते. कसलेले गडी दोन मिनिटांच्या आसपास माथा गाठतात.

सपाटीवर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. येथे ती वजन उचलण्यात जाते. म्हणून सायकलीवरचे अनावश्यक ते सारे काढून टाकतात. उभे राहून पायटे मारावे तर ओल्या पाल्यावर मागचे चाक घसरते. बसून रेटावे तर पुढचे चाक उचलू पाहते.

आता थोडा हिशेब करू. माणूस आणि सायकल मिळून अठ्ठ्याहत्तर किलो धरा. एवढे वजन दोन मिनिटांत ऐंशी मीटर वर न्यायला सुमारे दोन-तृतीयांश अश्वशक्ती लागते. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या धडधाकट माणसाची शक्ती मात्र एक-दशांश अश्वशक्ती धरतात. म्हणजे हा जवळजवळ सातपट जोर झाला!

हा जोर येतो कोठून? श्वासातून मिळणारा प्राणवायू इतक्या थोड्या वेळात पुरा पडत नाही. मग स्नायू आपल्या साठ्यातली शक्ती प्राणवायूवाचून मोकळी करतात. ही उचल असते. माथ्यावर पोहोचलेला गडी धापा टाकतो, तो हीच उचल फेडण्यासाठी. पायथ्याशीच ती संपविणाऱ्याचे पाय वरच्या खड्या चढावर शिशासारखे जड होतात.

कारखान्यात कामगारापाठी घड्याळ घेऊन उभे राहणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. माणूस दोन मिनिटे काय करू शकतो, हे त्याच्या आठ तासांच्या कामाचे माप होऊ शकत नाही. यॉर्क्स हिलचा गडी माथ्यावर थांबतो आणि त्याला थांबू दिले जाते. यंत्रावरच्या माणसाला तो माथा कोठे आहे, हे कोणी तरी ठरवून दिले पाहिजे.