व्हॅली फिव्हरच्या तीन चाचण्या

कॅलिफोर्नियातले सॅन होआकिन खोरे आणि ॲरिझोनातला फिनिक्स-टुसॉनचा पट्टा इथल्या कोरड्या मातीत कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी राहते. धूळ उडाली की तिचे बीजाणू श्वासावाटे फुप्फुसात शिरतात आणि व्हॅली फिव्हर होतो. ताप, खोकला, गळून जायला लावणारा थकवा ही लक्षणे न्यूमोनियासारखीच असतात. म्हणून अँटिबायोटिक सुरू होते, आणि बुरशीवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. खरे निदान बहुतेकदा रक्तातल्या अँटिबॉडीच करून देतात.

त्या शोधणारी पहिली चाचणी एलायझाची. काही तासांत, यंत्रावर, एकाच वेळी अनेक नमुने तपासता येतात. ती सहसा रुग्ण हातचा जाऊ देत नाही. पण केवळ आयजीएम प्रकारची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर ते खोटेही असू शकते.

म्हणून दुसरी, इम्युनोडिफ्यूजन. अगारच्या पारदर्शक थरात छोटे खळगे पाडून एकात बुरशीचे प्रतिजन आणि शेजारच्यात रुग्णाचे सीरम भरतात. दोन्ही हळूहळू पसरतात आणि जुळणारी अँटिबॉडी असेल तर मध्ये पांढरी रेघ उमटते. त्यासाठी काही दिवस थांबावे लागते, पण ही रेघ सहसा फसवत नाही.

तिसरी, कॉम्प्लिमेंट फिक्सेशन, सर्वांत किचकट. सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत अँटिबॉडी कुठवर टिकते ते पाहतात; त्या प्रमाणाला टायटर म्हणतात. १:१६ किंवा त्याहून वरचे टायटर आले, तर आजार फुप्फुसाबाहेर हाडांत, मेंदूच्या आवरणात पसरला असावा अशी शंका घेतात. उपचारात टायटर उतरणे हे दिलाशाचे लक्षण. या मोजणीचा पाया डॉ. चार्ल्स स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला; १९५६ मध्ये त्यांनी ३९,५०० चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला.

यांतली श्रेष्ठ कोणती, हा प्रश्नच चुकीचा आहे. एलायझा संशय उभा करते, रेघ तो पक्का करते, टायटर आजाराचा जोर सांगते. आजाराच्या सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असताना तिन्ही निगेटिव्ह येऊ शकतात. तेव्हा चाचणी पुन्हा करायलाच हवी.

फिनिक्सला लेकाकडे राहून आलेल्या आईवडिलांचा खोकला हटत नसेल, तर आपल्याकडे आधी क्षयाचा विचार होतो, आणि ते योग्यच आहे. पण आपण कुठे राहून आलो, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगा. ते कळल्याशिवाय या चाचण्या कुणी लिहून देणार नाही.