लंडनहून आलेली डाक

पाठपरिचय : शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याचे दिवस कसे जातात? सुट्टीच्या दिवशी तो काय पाहतो आणि त्यातून काय शिकतो? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईहून लंडनला गेलेल्या अतिया फैजी यांच्या उदाहरणावरून ही माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

रविवारी सकाळी वाकोल्याच्या बाजारात भाजी घ्यायला गेले की कधी कधी परदेशी विद्यार्थी दिसतात. जवळच कालिना येथे मुंबई विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल आहे. तेथे इतर देशांतील मुले-मुलीही शिकायला येतात. एकदा असाच एक उंच आफ्रिकी तरुण माझ्या शेजारी उभा राहून टोमॅटोचा भाव विचारीत होता. त्याला ना हिंदी नीट येत होते, ना मराठी. त्याने बोटे दाखवून अर्धा किलो मागितला. भाजीवाली हसली, तोही हसला. पिशवी घेऊन तो निघाला तेव्हा माझ्या मनात आले, की याची आई या वेळी काय करीत असेल? तिला आपल्या मुलाची खुशाली कशी कळत असेल?

आज फोन आहे. एका क्षणात आवाज ऐकू येतो, चेहराही दिसतो. पण पूर्वी असे नव्हते. तेव्हा घरापासून दूर गेलेल्या माणसाला एकच आधार होता. तो म्हणजे पत्र. अशाच पत्रांतून मुंबईच्या एका विद्यार्थिनीची हकीकत आपल्यापर्यंत पोहोचली आहे.

तिचे नाव अतिया फैजी. अतिया बेगम यांचा जन्म १८७७ साली तुर्कस्तानातील इस्तंबूल येथे झाला. त्यांचे वडील तेथे व्यापार करीत. हे कुटुंब मुंबईच्या प्रसिद्ध तय्यबजी घराण्याच्या नात्यातले. मूळची गुजराती बोलणाऱ्या या घराण्याने उर्दू भाषा प्रयत्नपूर्वक आपलीशी केली. शिवाय या घरात एक सुंदर रिवाज होता. घरात एक वही ठेवलेली असे. घरातील माणसे तिच्यात त्या दिवसाची हकीकत लिहीत. कोण आले, कोठे सहल गेली, कोण आजारी पडले, असे सारे तिच्यात असे. या वहीला ते ‘अखबार की किताब’ म्हणत. लिहिण्याची सवय अतिया बेगम यांना अशी घरातूनच लागली.

१९०६ साली अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी त्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात त्या मुंबईहून आगबोटीने निघाल्या. त्या काळी एडन, सुएझचा कालवा आणि भूमध्य समुद्र अशा मार्गाने युरोप गाठावा लागे. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला होता. त्यामुळे आफ्रिकेला वळसा घालण्याचा त्रास वाचला होता. तरीही या प्रवासाला दोन-तीन आठवडे लागत. मुलांनो, आपल्या शाळेवरून दर काही मिनिटांनी विमान जाते. फळ्यावर लिहिता लिहिता मला थांबावे लागते, इतका त्याचा आवाज होतो. ते विमान नऊ-दहा तासांत लंडनला पोहोचते. यावरून तेव्हाचे अंतर किती मोठे होते, याची कल्पना करा.

लंडनमध्ये अतिया बेगम यांनी ‘मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेज’ या संस्थेत प्रवेश घेतला. तेथे शिक्षिका तयार केल्या जात. शिक्षक होण्याचे शिक्षण म्हणजे काय, हे मी तुम्हांला स्वतःच्या अनुभवावरून सांगते. मीही बी.एड. केले आहे. सकाळी तासिका, दुपारी सराव पाठ आणि रात्री दुसऱ्या दिवसाच्या पाठाचे टिपण, असा आमचा दिवस जात असे. वर्गात मुले समोर बसलेली आणि मागच्या बाकावर आमचे प्राध्यापक वही उघडून बसलेले! पहिल्या पाठाच्या वेळी माझ्या हातून खडू दोनदा खाली पडला होता. तोही माझ्या स्वतःच्या शहरात, ओळखीच्या मुलांसमोर. मग परक्या देशात, परक्या भाषेत शिकणाऱ्या विद्यार्थिनीवर किती ताण पडत असेल, हे मला चांगले समजते.

परदेशी विद्यार्थ्याला अभ्यासाखेरीज आणखी पुष्कळ गोष्टी शिकाव्या लागतात. पहिली गोष्ट हवामानाची. मुंबई विषुववृत्तापासून सुमारे १९ अंश उत्तरेला आहे, तर लंडन सुमारे साडेएक्कावन्न अंश. पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे जितके उत्तरेला जावे तितका हिवाळ्यातला दिवस लहान होत जातो. आपल्याकडे डिसेंबरातही सुमारे अकरा तास उजेड असतो. लंडनमध्ये तो आठ तासही नसतो आणि दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. त्या काळी घरोघरी दगडी कोळसा जाळीत. त्याचा धूर धुक्यात मिसळून असा दाट होई, की भरदिवसा दिवे लावावे लागत. १९०६ साली रमजानचा महिना ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू झाला होता. म्हणजे लंडनमधील रोजा दिवसेंदिवस लहान होत गेला असणार. इफ्तारची वेळ लवकर येई, पण दस्तरखानाभोवती घरची माणसे नसत.

दुसरी गोष्ट पैशाची. बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड, असा तेथील हिशेब होता. आपले पंधरा रुपये दिले की एक पौंड मिळे. शिष्यवृत्तीत महिना भागवायचा तर प्रत्येक खरेदीच्या वेळी मनात गुणाकार-भागाकार करावा लागे.

तिसरी गोष्ट वाहनांची. १९०६ याच वर्षी लंडनमध्ये जमिनीखालून धावणाऱ्या दोन नव्या विजेच्या रेल्वे सुरू झाल्या. मुंबईत विजेवर चालणारी आगगाडी येण्यास १९२५ साल उजाडावे लागले. आज आपल्या सांताक्रूझच्या खालूनही मेट्रो जाते. परंतु त्या काळी मुंबईहून गेलेल्या माणसाला जमिनीच्या पोटातली गाडी हे मोठेच नवल होते.

चौथी गोष्ट पोशाखाची. अतिया बेगम यांनी तेथे आपला पोशाख सोडला नाही. डोके झाकलेले आणि चेहरा उघडा, अशा वेशात त्या वर्गात बसत आणि समारंभांनाही जात. लोक वळून पाहत; परंतु त्यांनी संकोच केला नाही.

आता सुट्टीच्या दिवसांविषयी. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी काम संपे आणि रविवारी दुकाने बंद असत. त्यामुळे विद्यार्थ्यांना वस्तुसंग्रहालये, बागा आणि जवळची गावे पाहण्यास वेळ मिळे. सुट्टीचा दिवस परदेशी विद्यार्थ्याला सर्वांत जड जातो. वर्ग नसतो, मित्र आपापल्या घरी गेलेले असतात आणि घरची आठवण येते. अशा वेळी खोलीत बसून राहिले तर मन अधिकच खिन्न होते. म्हणून शहाणा विद्यार्थी बाहेर पडतो. अतिया बेगम यांनीही तेच केले. त्यांनी संग्रहालये पाहिली, सभा-संमेलनांना हजेरी लावली आणि नव्या ओळखी करून घेतल्या.

एप्रिल १९०७ मध्ये लंडन येथे त्यांची एका हिंदी विद्यार्थ्याशी ओळख झाली. ‘तराना-ए-हिंदी’ लिहिणारे कवी म्हणून आपण सर्व त्यांना ओळखतो. ते होते मुहम्मद इक्बाल. १९०५ साली ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकण्यासाठी आले होते. लंडनपासून केंब्रिज सुमारे ९० किलोमीटर दूर आहे. म्हणजे मुंबईहून कर्जतला जाण्यासारखेच. सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येते. अतिया बेगम अशाच केंब्रिजला गेल्या. जून महिन्याच्या आरंभी प्राध्यापक अर्नोल्ड यांनी नदीकाठी एक वनभोजन ठेवले होते. हे अर्नोल्डसाहेब लाहोरमध्ये इक्बालांचे गुरू होते. त्या वनभोजनात खाण्यापिण्याबरोबर जीवन आणि मृत्यू यांवरही चर्चा रंगली. पाहा, सहल असावी ती अशी! पाय चालतात आणि बुद्धीही चालते.

पुढे ऑगस्ट महिन्यात त्या जर्मनीतील हायडेलबर्ग या गावी गेल्या. नेकार नदीच्या काठी, डोंगराच्या कुशीत हे गाव वसले आहे. वर तांबड्या दगडाचा पडका किल्ला आहे आणि खाली १३८६ साली स्थापन झालेले जुने विद्यापीठ. तेथे इक्बाल जर्मन भाषा शिकत होते. त्यांच्या शिक्षिका तरुण स्त्रिया होत्या. लंडनमध्ये मोठमोठ्या विद्वानांशी वाद घालणारे इक्बाल येथे शिक्षिकांसमोर लहान मुलासारखे नम्र होऊन बसतात, हे पाहून अतिया बेगम यांना आश्चर्य वाटले. पुढे इक्बालांवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी या दिवसांच्या आठवणी सांगितल्या. हायडेलबर्गमध्ये नदीकाठच्या एका रस्त्याला आज इक्बालांचे नाव आहे.

मुलांनो, मराठीचा तास सुरू झाला की तुमच्यापैकी काहीजण मान खाली घालतात. लिंग चुकेल, प्रत्यय चुकेल, मुले हसतील, ही भीती तुम्हांला वाटते. तेव्हा हा प्रसंग आठवा. इतका मोठा कवीदेखील नवी भाषा शिकताना शिष्यच झाला. चुकल्याशिवाय भाषा येत नाही.

अतिया बेगम आपली रोजची हकीकत उर्दूत लिहून डाकेने मुंबईला पाठवीत. हिंदुस्थानची डाक आठवड्यातून एकदा निघे. पत्र पोहोचून त्याचे उत्तर येईपर्यंत महिना उलटून जाई. बहीण जोहरा बेगम ती पत्रे नीट करून लाहोरच्या ‘तहजीबे निस्वाँ’ या साप्ताहिकाकडे पाठवीत. स्त्रियांसाठी निघणारे हे उर्दू साप्ताहिक १८९८ साली सुरू झाले होते. ज्या स्त्रियांना घराचा उंबरठाही क्वचित ओलांडता येई, त्या ही हकीकत वाचून लंडन पाहू लागल्या. पुढे १९२१ साली या लेखनाचे पुस्तक झाले. त्याचे नाव ‘जमाना-ए-तहसील’, म्हणजे शिक्षणाचा काळ.

परंतु एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. अतिया बेगम यांचा अभ्यासक्रम पूर्ण झाला नाही. प्रकृती बिघडल्यामुळे एका वर्षानंतर, १९०७ साली, त्यांना परत यावे लागले. प्रमाणपत्र हाती आले नाही.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी दुसऱ्या शहरात शिकायला गेली होती. घरी आजारपण आले आणि तीन महिन्यांतच तिला परतावे लागले. त्यानंतर ती शाळेच्या रस्त्यानेही जाईना. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती म्हणाली, ‘‘बाई, मी काय तोंड दाखवू?’’ मी तिला अतिया बेगम यांची हकीकत सांगितली. त्यांच्याच घराण्यातील बद्रुद्दीन तय्यबजी यांचीही सांगितली. बद्रुद्दीन १८६० साली, अगदी कोवळ्या वयात, लंडनला शिकायला गेले होते. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना मध्येच मुंबईला परतावे लागले. बरे वाटताच ते पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर झाले. १८७४ साली ज्यांनी अंजुमन-ए-इस्लाम या संस्थेची स्थापना केली, त्यांत ते प्रमुख होते. १८८७ साली ते राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. एक परत जाऊन शिक्षण पुरे करू शकले, दुसऱ्या करू शकल्या नाहीत. पण जे पाहिले, जे शिकल्या, ते अतिया बेगम यांनी लिहून हजारो घरांत पोहोचवले. मग त्यांचे ते वर्ष वाया गेले, असे कोण म्हणेल? माझ्या त्या विद्यार्थिनीने पुढच्या जूनमध्ये सांताक्रूझच्याच एका महाविद्यालयात नाव घातले.

सर्वांचाच मार्ग सारखा नसतो. १८८३ साली अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशी यांनी थंडी आणि आजार सोसून १८८६ साली डॉक्टरची पदवी मिळवली. पण पुढच्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. १९१३ साली न्यूयॉर्कला गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रंथालयालाच आपले घर मानले. कोणी पदवी घेऊन आले, कोणी पुस्तके, तर कोणी केवळ आठवणी. मात्र डोळे उघडे ठेवून जो राहिला, तो रिकाम्या हाताने परतला नाही.

तुमच्यापैकीही काहीजण उद्या दूर जातील. कोणी पुण्याला, कोणी आखाती देशांत, कोणी त्याहून लांब. जाताना एक वही बरोबर न्या. रोज चार ओळी लिहा. सुट्टीच्या दिवशी खोलीबाहेर पडा. तेथील भाषा शिका आणि घरी खुशाली कळवा.

आणि तोपर्यंत एवढे करा. वाकोल्याच्या बाजारात एखादा परदेशी विद्यार्थी बोटे दाखवून भाव विचारताना दिसला, तर हसून पुढे जाऊ नका. त्याला ‘अर्धा किलो’ हे शब्द शिकवा. कदाचित त्या रात्री तो आपल्या घरी तुमच्याविषयी लिहील.

शब्दार्थ
शिष्यवृत्ती – वजीफा
संकुल – एकाच आवारातील इमारतींचा समूह
हकीकत – घडलेली गोष्ट, अहवाल
आगबोट – वाफेवर चालणारे जहाज
टिपण – थोडक्यात लिहून ठेवलेला मजकूर
खिन्न – उदास, गमगीन
वनभोजन – मोकळ्या जागी जाऊन केलेले भोजन
विकार – आजार

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अतिया बेगम यांनी लंडनमधील कोणत्या संस्थेत प्रवेश घेतला?
(आ) ‘अखबार की किताब’ म्हणजे काय?
(इ) ‘जमाना-ए-तहसील’ या नावाचा अर्थ काय?

प्र. २. कारणे द्या.
(अ) लंडनमध्ये हिवाळ्यातला दिवस लहान असतो.
(आ) परदेशी विद्यार्थ्याला सुट्टीचा दिवस जड जातो.

प्र. ३. ‘अतिया बेगम यांचे वर्ष वाया गेले नाही.’ हे विधान चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : आपलेसे करणे, मान खाली घालणे, वाया जाणे.

उपक्रम : एक आठवडा रोज चार ओळींची रोजनिशी मराठीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.